टोपीकराला जागा कुठे द्यायची?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली दोन वाक्यं मराठी माणसाला कुठेही भेटतात. ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ हे एक, आणि ‘ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे दुसरं. पहिलं गडांवरच्या फलकांवर दिसतं, दुसरं आरमाराचा विषय निघाला की हमखास येतं. अलीकडे तिसरा एक उतारा लोकप्रिय झाला आहे, टोपीकरांबद्दलचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दलचा. सीमेवर चकमक उडाली किंवा कुठल्या देशाने आपल्या मालावर जकात वाढवली की तो फिरू लागतो आणि त्याच्याखाली ठरलेला शेरा असतो: बघा, तीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, परक्यांशी व्यापारच नको.

पंतांनी असं काहीही सांगितलेलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते बहिष्कारवाल्यांना जितकं अडचणीचं आहे, तितकंच ‘धंद्यात राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्यांनाही. आणि त्या उताऱ्याच्या जोडीला आज्ञापत्रातलं वतनदारांचं प्रकरण वाचलं नाही, तर परराष्ट्रव्यवहाराबद्दलचं त्यांचं अर्धं म्हणणं हातातून निसटतं.

आधी माणूस बघू. १६७४ला राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत असलेला हा तरुण अमात्य १७१५ साली, साठी ओलांडल्यावर, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या नावाने आज्ञापत्र लिहितो. मधल्या चाळीस वर्षांत त्याने शिवाजीमहाराज पाहिले, संभाजीमहाराज पाहिले. १६८९ला राजाराममहाराज जिंजीला गेले तेव्हा ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार याच्याच हाती ठेवला होता. रायगड पडलेला, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला, राजा शेकडो कोस दूर. त्या दिवसांत पंत आणि शंकराजी नारायण इकडचा गाडा ओढत होते, संताजी-धनाजी रानोमाळ लढत होते. पुढे ताराबाईंचा काळ आला, मग शाहूमहाराजांची सुटका आणि घरातच पडलेली दोन राज्यं. इतकं पाहिलेला माणूस राजपुत्राला उपदेश करतो तेव्हा त्यात पुस्तकी राजनीती अर्थातच आहे, पण तिच्या आड जिथे तिथे प्रसंग दडलेले आहेत. टोपीकरांच्या परिच्छेदाआड राजापूर आहे.

१६६०ला सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला होता आणि महाराज गडावर अडकले होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आले आणि आपलं निशाण फडकावून त्यांनी गडावर मारा केला. कंपनीचे व्यापारी, मिरी आणि कापडाच्या गाठींचे हिशेब ठेवणारे! महाराजांनी पुढच्या वर्षी राजापुरावर धाड घातली आणि त्या वखारवाल्यांना धरून कैदेत टाकलं. कैद्यांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, तेव्हा सुरतेने फटकारलं: तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचं म्हणून सगळे ओळखतात त्या निशाणाखाली गोळे फेकलेत, त्याची ही फळं. कंपनीला लाज वाटली ती निशाणाची. ते नसतं तर आमचा संबंध नाही म्हणून हात झटकता आले असते.

याच इंग्रजांशी महाराजांनी नंतर बोलणी केली, हे विसरून चालणार नाही. राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तह झाला, वखारींना परवानगी मिळाली. आणि पाच वर्षांनी, १६७९ला, मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं पाठवून तो अडवायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही. एका हाताने व्यापाराचा तह करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच व्यापाऱ्याच्या दारासमोर तोफा मांडायच्या, यात महाराजांना काही विसंगत वाटलं नाही. पंतांचं शिक्षण या शाळेत झालं.

आता त्यांचा मजकूर पाहा. टोपीकरांचा विषय येतो तो सावकारांच्या, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्यांच्या, प्रकरणात, आणि त्या प्रकरणाची सुरुवातच सावकार म्हणजे राज्याची शोभा, अशी आहे. न मिळणाऱ्या वस्तू त्यांच्यामुळे राज्यात येतात, राज्य श्रीमंत होतं, संकटात कर्ज मिळतं. म्हणून त्यांना सांभाळावं, पेठा वसवाव्यात, बाहेरून बोलावून आणावं, त्यांचा अपमान होऊ देऊ नये. आजच्या कुठल्याही गुंतवणूक परिषदेत हे भाषण टाळ्या घेऊन जाईल. त्यानंतर पंत थांबून सांगतात, की फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) हेही सावकारीच करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. यांचे मालक राज्य करणारे आहेत आणि त्या मालकांच्या हुकमाने हे इथे येतात. मग तो जगप्रसिद्ध व्हायला हवा होता असा प्रश्न: ‘राज्य करणारास स्थललोभ नाही ऐसे काय घडों पाहते?’

ते परके आहेत, परधर्मी आहेत किंवा लबाड आहेत, यावर पंतांनी युक्तिवाद उभा केलेला नाही. परधर्माचा उल्लेख येतो, हट्टी जात असा शेराही येतो, आणि त्या काळच्या माणसाकडून तो यायचाच. पण सगळा भार त्या एका निरीक्षणावर आहे: याच्या पाठीशी राज्य आहे, आणि राज्याला जमीन लागते. इराणहून किंवा अरबस्तानातून येणारा सौदागरही परकाच होता. त्याच्याबद्दल हे कलम नाही.

निदानाला शोभेल असाच उपायही आहे. येणं-जाणं असू द्यावं, कायमची जागा देऊ नये. जंजिऱ्यांच्या, म्हणजे पाणकिल्ल्यांच्या, जवळपास फिरकू देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या मुखाशी, समुद्रकिनारी देऊ नये. आत, सखल ठिकाणी द्यावी, आणि तिथेही पक्की इमारत बांधू देऊ नये. कारण आरमार आणि दारूगोळा हेच यांचं बळ. समुद्रकाठी जागा मिळाली की आरमाराच्या आधाराने तिथे किल्ला उभा राहणार, आणि तेवढी जागा राज्यातून गेली असंच समजायचं. एवढं मान्य करून राहिले तर उत्तम, नाहीतर त्यांच्या वाटेला आपण जाऊ नये आणि आपल्या वाटेला त्यांना येऊ देऊ नये. राजापूर हे असंच खाडीत आत दडलेलं बंदर आहे, आणि पंतांच्या पिढीला त्याचा नकाशा तोंडपाठ होता.

मला या सल्ल्यात सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की पंत हेतूंच्या चर्चेत शिरत नाहीत. इंग्रज चांगले की वाईट, फ्रेंच अधिक भरवशाचे का, हा काथ्याकूट तिथे नाही. समोरचा उद्या काय करू शकेल ते त्याला कुठे उभं केलं आहे यावर ठरतं, आणि कुठे उभं करायचं हे आपल्या हातात आहे. माल विकत घेणं हा एक व्यवहार, आणि जिथून हलवता येणार नाही अशी जागा देणं हा वेगळाच. पहिला बिघडला तर नुकसान होतं, दुसरा बिघडला तर तो दुरुस्त करायला सैन्य लागतं.

त्याच दशकात दिल्लीने काय केलं? १७१७ला बादशहा फर्रुखसियरने इंग्रज कंपनीला फर्मान दिलं: वर्षाला तीन हजार रुपये भरा आणि बंगालमध्ये जकातीशिवाय व्यापार करा. कलकत्त्याला हुगळीच्या काठी फोर्ट विल्यम आधीच उभा राहिला होता. पंतांनी नको म्हणून सांगितलेलं जवळपास सगळं तिथे एकाच ठिकाणी झालेलं होतं, आणि वर जकातही माफ. चाळीस वर्षांनी पलाशीची (प्लासीची) लढाई झाली. दूर जपानने वलंदेजांना १६४१पासून नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या एका चिमुकल्या बेटावर कोंडून ठेवलं होतं आणि व्यापार चालू ठेवला होता. एका जपानी अधिकाऱ्याला आणि एका मराठी अमात्याला एकमेकांची गंधवार्ता नसताना तोच उपाय सुचला. जपानने मात्र बाकी दारंही लावून घेतली, पंत तिथवर जात नाहीत.

मग पंतांचा सल्ला आपल्याकडे का टिकला नाही? लिहून ठेवलं होतं, राजाच्या आज्ञेने लिहिलं होतं, मराठ्यांचं आरमारही होतं. कान्होजी आंग्र्यांवर इंग्रज एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा चालून गेले. १७२१ला तर पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर गेले आणि मार खाऊन परतले. १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली. टोपीकर बाहेरून फोडून आत आले, असं पश्चिम किनाऱ्यावर घडलेलं नाही.

ते आत आले ते बोलावल्यावर. १७५६ साली विजयदुर्गासमोर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जाळणारी जहाजं इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनची होती, उतरलेल्या फौजेत क्लाईव्ह होता, पण मोहीम पेशवे आणि इंग्रज यांच्या करारातून निघालेली होती. नानासाहेब पेशव्यांना आपला एक शिरजोर सरदार वठणीवर आणायचा होता. तुळाजी निर्दोष होता असं कुणीच म्हणणार नाही; त्याने पेशव्यांना आणि किनाऱ्यावरच्या इतरांनाही पुरेसा त्रास दिला होता. तरी घरातला एक दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंद, मोडण्यासाठी समुद्रावरची आपली एकमेव भिंत परक्याकडून पाडून घ्यायची, या निर्णयाचं समर्थन मला आजवर कुठे पटलेलं नाही. मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळालं. सावित्रीच्या मुखाशी असलेलं ठाणं! पंतांनी नेमकं तेच देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि त्याला अजून अर्धं शतकही उलटलं नव्हतं. पुढे १७७५ला राघोबादादा सुरतेच्या तहावर सही करतात, १८०२ला हडपसरला होळकरांकडून हरलेले दुसरे बाजीराव वसईला जाऊन तैनाती फौज पदरात घेतात. प्रत्येक वेळी भांडण घरचं होतं.

पंतांना हे कळलेलं होतं, म्हणून वतनदारांचं प्रकरण. देशमुख, देशकुलकर्णी यांना वतनदार म्हणायचं ही नुसती बोलायची रीत आहे, ते लिहितात. खरं तर हे लहान पण स्वतंत्र देशनायकच, राज्याचे दायाद. आहे तेवढ्यावर यांचं समाधान होत नाही. नवं मिळवायचं, बळकट व्हायचं, बळकट झालं की शेजाऱ्याचं घ्यायचं. आणि परचक्र आलं की वतनाच्या आशेने हेच सर्वांच्या आधी जाऊन शत्रूला भेटतात, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करून शत्रूला राज्यात वाट काढून देतात. उपाय सांगताना पंत टोकाला जात नाहीत. वतनं बुडवावीत तर तोही अन्याय आणि अनर्थाचं मूळ. मोकळं सोडावं तर हे आपल्या स्वभावावर जाणार. म्हणून स्नेह आणि धाक यांच्या मधल्या अवघड जागी त्यांना ठेवायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आज्ञापत्राच्या भक्तिभावात ती राहून जाते. शिवाजीमहाराजांचा रोख नवी वतनं न देण्याकडे होता. जिंजीच्या काळात तो मोडला. औरंगजेब सरदारांना वतनांची लालूच दाखवत होता, आणि माणसं राखायची तर राजाराममहाराजांनाही तशाच सनदा वाटाव्या लागल्या. इकडचा कारभार तेव्हा पंतांच्या हातात होता. बावड्याची जहागीर त्यांच्याच घराण्यात चालत आली. म्हणजे वतनदार राज्य कसं पोखरतात हे सांगणारा माणूस ती व्यवस्था वाढत असताना तिच्या ऐन मध्यावर बसलेला होता. कुणी याला दांभिकपणा म्हणेल. मला उलट त्या प्रकरणाची धार यातूनच आलेली वाटते. नाइलाजाने काय काय द्यावं लागतं आणि दिलेलं परत घेणं किती कठीण असतं, हे ज्याने स्वतःच्या शिक्क्याने सनदा उमटवताना पाहिलं, तोच असं लिहू शकतो.

आणि नियतीची थट्टा पाहा. ज्या संभाजीराजांच्या नावाने हे आज्ञापत्र निघालं, ते बारा वर्षांत, १७२७ला, शाहूमहाराजांविरुद्ध निजामाला जाऊन मिळाले. पहिल्या बाजीरावाने पालखेडला निजामाला कोंडलं, तेव्हा तो डाव मोडला, आणि १७३१च्या वारणेच्या तहाने दोन घरांची हद्द ठरली. पंत तोवर हयात नव्हते. १७६५ला इंग्रजांनी कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी तह करून परत दिला.

हे सगळं आजच्या प्रश्नाला लावायचं तर जपून लावावं लागतं. अठराव्या शतकातली कंपनी स्वतःची फौज बाळगत होती, नाणी पाडत होती, तह करत होती. आजची कुठलीही कंपनी ते करत नाही. सार्वभौम राज्यांचं जग आहे, करार आहेत, लवाद आहेत. त्यामुळे प्रत्येक परकीय कारखान्यात ईस्ट इंडिया कंपनीचं भूत पाहणं हा पोरकटपणा आहे, आणि १९९१नंतर या देशाने जे कमावलं त्याच्याशी कृतघ्नपणाही. पंतांनीच सांगितलं आहे ना, न मिळणाऱ्या वस्तू राज्यात येतात!

तरीही त्यांचे दोन प्रश्न जुने झालेले नाहीत. याच्या पाठीशी राज्य आहे का? आणि हा व्यापार मागतो आहे की जागा?

जर्मनीचं उदाहरण घ्या. रशियाकडून वायू विकत घेणं हा व्यापार होता आणि शीतयुद्धाच्या काळापासून तो सुरळीत चालला होता. २०२१पर्यंत जर्मनीच्या वायू आयातीत रशियाचा वाटा निम्म्याहून जास्त झाला, तिथे धोका वाढलाच. पण खरी मेख दुसरीकडे होती. २०१५ला देशातली वायूची सर्वात मोठी साठवण, रेडेनची, मालमत्तांच्या एका अदलाबदलीत गाझप्रोमकडे गेली. गाझप्रोम ही रशियन सरकारच्या ताब्यातली कंपनी, म्हणजे खावंद कोण हे शोधायला पंतांइतकीही दृष्टी लागत नव्हती. क्रिमिया घेऊन एक वर्षच झालं होतं. २०२१च्या हिवाळ्याच्या तोंडावर ती साठवण जवळजवळ रिकामी होती आणि काही महिन्यांतच युक्रेनवर आक्रमण झालं. वायू घेणं म्हणजे येणं-जाणं. साठवणीच्या किल्ल्या देणं म्हणजे खाडीच्या मुखाशी जागा देणं. आणि वतनदार? चॅन्सेलरपद सोडल्यावर लगेच गेरहार्ड श्रोडर रशियाचा वायू बाल्टिक समुद्रातून आणणाऱ्या वायुवाहिनीच्या कंपनीत मोठ्या पदावर जाऊन बसले होते. ‘अगोदरच सलूख करितात’, म्हणजे आधीच हातमिळवणी करतात, असं पंत वतनदारांबद्दल म्हणतात.

हंबनटोटाची गोष्ट आपल्याकडे फार सोपी करून सांगतात. चीनने कर्जाच्या जाळ्यात ओढलं आणि २०१७ला बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गिळलं, इतकीच. श्रीलंकेच्या परकीय कर्जाचा मोठा हिस्सा बाजारातल्या रोख्यांचा होता, चीनचा नव्हे, आणि भाडेपट्ट्याचे पैसे परकीय चलनाची तूट भागवायला वापरले गेले. पण मुळात ते बंदर तिथे का बांधलं गेलं, हे विचारावं. हंबनटोटा हा महिंद राजपक्षे यांचा जिल्हा. तिथे बंदर, तिथेच त्यांच्या नावाचा विमानतळ. देशाच्या गरजेपेक्षा एका घराण्याच्या वतनाची गरज मोठी ठरली, आणि चीनला आत यायची वाट त्या घराने दाखवली. बीजिंगच्या कुटिलपणावर चर्चा करणाऱ्यांना हा भाग आवडत नाही, कारण यात आपल्याही ओळखीचे चेहरे दिसू लागतात.

आपल्या ओळखीचा चेहरा म्हणजे अमेरिकी ऊर्जाकंपनी एन्रॉन. तिचा दाभोळचा वीजप्रकल्प प्रत्यक्षात दाभोळला नाही, वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे, अंजनवेलच्या गोपाळगडाच्या शेजारी. खाडीचं मुख, समुद्रकिनारा आणि बाजूला किल्ला: पंतांनी हा नकाशा पाहून काय म्हटलं असतं याची कल्पना करायला गंमत वाटते. अर्थात जागा हा तिथला दोष नव्हता, जहाजाने आणलेल्या वायूवर चालवायचं वीजघर किनाऱ्यालाच सोयीचं. या प्रकरणात खाडीचं मुख होतं ते करारात. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, वीज उचला वा न उचला ठरावीक आकार द्यायचाच, राज्य वीज मंडळाच्या देण्याला राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. जिथून मागे फिरता येत नाही अशी जागा आपण कागदावर दिली. एन्रॉन सरकारी कंपनी नव्हती, तरी तिच्या पाठीशी कोण आहे हे वेळोवेळी दिसलं. दिल्लीतले अमेरिकेचे राजदूत फ्रँक विस्नर १९९७ला पद सोडल्यावर एन्रॉनच्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. २००१च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींच्या भेटीत हा विषय काढला, आणि सोनिया गांधी तेव्हा सत्तेत नव्हे, विरोधी पक्षनेत्या होत्या.

आणि आमचे वतनदार काय करत होते? एका सरकारने स्पर्धात्मक निविदा न मागवता करार केला. विरोधकांनी तो अरबी समुद्रात बुडवायची गर्जना करून १९९५ची निवडणूक लढवली, सत्तेवर येऊन रद्द केला आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प पुन्हा स्वीकारला. केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारने १९९६च्या मे महिन्यात, विश्वासदर्शक ठरावाचा निकाल लागण्यापूर्वी, प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे प्रत्येकाने परक्याचा उपयोग घरच्या भांडणापुरता केला, नानासाहेबांनी इंग्रजांचा केला तसाच. २००१ला मंडळाने वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली, आणि बंद पडलेलं वीजघर पुढे सरकारी कंपन्यांच्या गळ्यात पडलं.

पंतांचा सल्ला कुठे अपुरा पडतो हेही बोलायला हवं. टोपीकरांचं बळ आरमार आणि दारूगोळ्यात आहे हे त्यांनी अचूक हेरलं. ते बळ येतं कुठून, ती विद्या आपल्याकडे कशी आणायची, हा प्रश्न मात्र टोपीकरांच्या परिच्छेदात उमटत नाही. चांगल्या तोफांसाठी आपण त्याच टोपीकरांच्या दारात उभे राहत होतो. शिवाजीमहाराजांच्या आरमाराच्या आरंभी, १६५९च्या सुमारास, कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधणारे पोर्तुगीज कारागीर काम सोडून निघून गेले, ते त्यांच्या सरकारने फितवल्यामुळे. यातून दोन निष्कर्ष निघू शकत होते: परक्यांवर विसंबू नये, किंवा ती कला लवकरात लवकर शिकून घ्यावी. पंतांची पिढी पहिल्यापाशी थांबली. परक्याला दूर कसं ठेवायचं हे आपल्याला नेहमी लवकर सुचतं, त्याच्यासारखं बनवायचं कसं हे उशिरा. औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर अवलंबून आहोत. २०२५ला चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा आपल्या मोटारकारखान्यांत धावपळ उडाली. चिनी ॲपवरच्या बंदीने यातलं काहीही सुटत नाही. तो परक्याला दूर ठेवण्याचा सोपा भाग होता.

२०२०च्या एप्रिलमध्ये केंद्राने नियम केला, की जमिनीवरून सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची मंजुरी लागेल. तत्त्व म्हणून तो मला योग्य वाटतो. चीनमध्ये खाजगी कंपनी आणि राज्य यांच्यातली रेघ किती पुसट आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण २०२०च्या त्या मूळ नियमात पंतांचा पहिलाच प्रश्न होता, दुसरा नव्हता. पैसा कुठून आला हे तो विचारत होता. कशासाठी आला, यात फरक करत नव्हता. बॅटरीचं तंत्रज्ञान घेऊन येणारा भागीदार आणि वीजवाहिन्यांच्या नियंत्रणयंत्रणेत शिरू पाहणारा पुरवठादार एकाच रांगेत उभे राहिले, आणि पहिल्याला थांबवल्याची किंमत आपण मोजली. उलट दिशेने, मैत्रीच्या देशातून आलेला पैसा बंदरांत, दूरसंचाराच्या गाभ्यात, नागरिकांच्या माहितीच्या साठ्यांत शिरला तर भुवई उंचावत नाही. आजचा मित्र देश हा उद्याचा कोण, हे सांगता न येणं, हीच तर जागेबद्दल सावध राहण्याची सबब आहे.

म्हणून खाडीची मुखं कोणती, ही यादी आधी घरात ठरायला हवी, आणि ती पैसे कुठल्या देशाचे आहेत यावर अवलंबून नसावी. ती संसदेत ठरावी, उघड चर्चेने ठरावी. पंतांच्या काळात राजाने ठरवलं की पुरे होतं. आता वतनदार अनेक आहेत, राज्या-राज्यांची सरकारं गुंतवणुकीसाठी एकमेकांवर मात करायला सवलती वाटत आहेत, आणि प्रत्येक सामंजस्य कराराच्या वेळी छायाचित्र निघतं, मजकूर निघत नाही. दाभोळचा करारही लोकांपासून बराच काळ लपलेला होता. सरकारची हमी जोडलेला, पंधरा-वीस वर्षं बांधून घालणारा प्रत्येक करार सहीपूर्वी विधिमंडळाच्या पटलावर यावा, एवढी साधी अट घालायला कुठल्याही राज्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. महाराष्ट्राला तर नाहीच. एन्रॉनची देणी आपणच भरली आहेत.